पाणचक्कीचा हिशेब

चार वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातल्या जुन्या बावडीचा गाळ उपसण्यासाठी आम्ही काही मित्रांनी एका संस्थेकडे अनुदान मागितलं. अर्ज वीस पानांचा होता. ‘शाश्वत’, ‘परिवर्तन’, ‘लोकसहभाग’ हे शब्द पानोपानी. शेवटच्या पानावर एक प्रश्न होता : प्रकल्पाची मुदत संपल्यावर काम टिकणार कसं? उत्तरासाठी शंभर शब्दांची चौकट. मी लिहिलं, ‘स्थानिक समिती देखभाल करेल.’

पैसे मिळाले. गाळ निघाला, पायऱ्या मोकळ्या झाल्या, तळाला झरे दिसले. फीत कापली, फोटो निघाले, अहवाल गेला. दुसऱ्या पावसाळ्यात वरची जाळी तुटली. मग मोटार जळाली. दुरुस्तीला फार पैसे लागणार नव्हते, पण जे लागणार होते ते कुणाकडेच नव्हते. समिती होती, समितीकडे पैसा नव्हता. आज बावडीत पुन्हा प्लास्टिक तरंगतंय.

चूक कुणाची? संस्थेला दोष देणं सोपं आहे. पण ते एक वाक्य मीच लिहिलं होतं आणि लिहिताना मला ठाऊक होतं की ते पोकळ आहे. शाश्वततेच्या नावाने जगभर अनुदानं वाटली जातात. बहुतेकांना मुदत असते : एक वर्ष, तीन वर्षं, फार तर पाच. पाणी, जंगल, माती यांना मात्र अशी मुदत नसते. मुदतीच्या पैशातून बेमुदत काम कसं चालवायचं, हा जुना प्रश्न आहे. त्याचं एक उत्तर मुस्लिम समाजाच्या इतिहासात आहे. ते उत्तर कसं उभं राहिलं आणि पुढे कसं कोसळलं, दोन्ही समजून घ्यायला हवं.

खैबरची जमीन

हजरत उमर (रजि.) यांना खैबरमध्ये जमीन मिळाली. एवढी चांगली मालमत्ता त्यांना आधी कधी मिळाली नव्हती. तिचं काय करावं, असं त्यांनी पैगंबर मुहंमद (स.) यांना विचारलं. मिळालेल्या सल्ल्याचा आशय असा : मूळ जमीन तशीच राखावी आणि तिचं उत्पन्न दान करावं. मग ती जमीन विकायची नाही, कुणाला बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही असं ठरलं. उत्पन्न गरिबांना, नातलगांना, गुलामांच्या मुक्ततेसाठी, प्रवाशांना आणि पाहुण्यांना. जो देखरेख करेल त्याने त्यातून रास्त प्रमाणात खावं, पण साठवू नये. पुढे ही देखरेख हजरत उमर यांनी आपली मुलगी हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे सोपवली.

यातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली, मुद्दल आणि फळ वेगळं केलं गेलं. दुसरी, देखरेख करणाऱ्याचा खर्च दानाच्या आतच धरला गेला. ‘सांभाळेल कुणीतरी’ असं तिथे म्हटलेलं नाही. सांभाळणाऱ्याचं पोट त्याच जमिनीवर ठेवलं आहे.

मदिनेतली रूमाची विहीर हजरत उस्मान (रजि.) यांनी विकत घेऊन लोकांसाठी खुली केली, हेही आपण लहानपणापासून ऐकतो. विहीर देणं हे पुण्य आहेच. पण विहिरीसोबत तिच्या दोराची, बादलीची आणि उपशाची सोय लावणं ही वेगळी अक्कल आहे. वक्फ ही संस्था पुढे जगभर पसरली ती या दुसऱ्या अकलेमुळे. दवाखाना बांधला की त्याच्या खर्चासाठी दुकानं, हमामखाने, बागा लावून दिल्या जात.

खडकीचं पाणी

मराठी माणसाला हे पाहायला दूर जायला नको. निजामशाहीचा हबशी वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी हे शहर वसवलं. तेच पुढे औरंगाबाद झालं, आजचं छत्रपती संभाजीनगर. या कोरड्या भागात शहर वसवायचं तर आधी पाणी हवं. त्याने डोंगरपायथ्याचं भूजल जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणलं. ठिकठिकाणी उतरण्यासाठी आणि हवेसाठी मनोरे, विटांच्या उंच खांबांतून दाबाने वर चढणारं पाणी आणि तिथून हौदांना फुटणाऱ्या वाटा. ना पंप, ना इंधन, फक्त उतार. मलिक अंबर १६२६ मध्ये वारला, निजामशाही बुडाली, मोगल आले, आसफजाही आली. नहर-ए-अंबरी वाहत राहिली.

त्याच तंत्रावर पुढे पाणचक्की उभी राहिली. बुखाऱ्याकडून आलेले नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांचा इथे तकिया होता. त्यांचे उत्तराधिकारी शाह महमूद यांनी तकियाच्या आठवणी फारसीत लिहून ठेवल्या आहेत. अमीर-उमरावांच्या मदतीने हर्सूलच्या बाजूने मातीच्या नळांतून इथे पाणी आणलं गेलं. त्या पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि यात्रेकरू, मुरीद, फकीर यांच्यासाठी पीठ निघायचं. तेच पाणी मशिदीसमोरच्या हौदात पडायचं. हौदाचा तळ हेच खालच्या मोठ्या दालनाचं छत, म्हणून भर उन्हाळ्यातही दालन थंड राहायचं.

मी शाळेत असताना सहलीला पाणचक्की पाहिली, तेव्हा भिंतीवरून पडणारं पाणी तेवढं लक्षात राहिलं. आता पाहतो तेव्हा वेगळंच दिसतं. एकाच पाण्यावर वजू करणारा, पीठ नेणारा आणि सावलीला बसणारा असे तिघे अवलंबून होते. नळ फुटला तर तिघांनाही त्याच दिवशी कळायचं. मातीचे नळ फुटतात, नहरीत गाळ बसतो, झाडांची मुळं आत शिरतात. असली व्यवस्था तीन शतकं टिकते, याचा अर्थ दरवर्षी कुणीतरी आत उतरत होतं आणि त्याला त्याची मजुरी मिळत होती. बांधणाऱ्याचं नाव इतिहासात राहतं, गाळ काढणाऱ्याचं राहत नाही. पण टिकण्याचं गणित दुसऱ्याच्या हातात असतं.

अर्धी जमीन पडीक

राज्यकर्त्यांच्या अनुदानांचाही एक धडा आहे. मोगलांच्या काळी ‘मदद-ए-मआश’ नावाची देणगी असे. रोख रक्कम मिळण्यापेक्षा ठरावीक जमिनीचा महसूल घेण्याचा हक्क मिळे. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त तिला पात्र असे चार वर्ग सांगितलेत : ज्ञानाच्या मागे लागलेले, संसार सोडलेले, निराधार आणि कसब न येणारे कुलीन. वृंदावनच्या मंदिरांनाही अकबराने जमिनी दिल्या.

यातली एक अट मला फार आवडते. अकबराच्या काळात अशी जमीन देताना साधारण अर्धी लागवडीखालची आणि अर्धी पडीक, पण लागवडीयोग्य, असं धोरण होतं. अर्ध्या जमिनीवर आजचं पोट चालवा आणि उरलेली अर्धी वहितीत आणा. अनुदान घेणाऱ्याचा फायदा आणि जमिनीची सुधारणा एकाच सनदेत बांधलेली.

गैरव्यवहार नव्हते असं नाही. सद्र म्हणजे या देणग्यांचा प्रमुख अधिकारी. शेख अब्दुन्नबी सद्र असताना वाटपाबद्दल तक्रारी झाल्या आणि अकबराने देणग्यांची फेरतपासणी लावली. पुढे औरंगजेबाने १६९० मध्ये या देणग्या पूर्णपणे वंशपरंपरागत केल्या. विद्येसाठी दिलेली मदत अशा रीतीने घराण्याची मिळकत झाली. ज्या कामासाठी पैसा दिला ते काम मागे पडतं आणि पैसा घरात राहतो. हा रोग आजचा नाही.

जर्मनीतलं एक उदाहरण

आता थोडं दूर जाऊ, कारण मुद्दल राखून फळ वाटण्याची हीच कल्पना आधुनिक काळात एका सरकारने पर्यावरणासाठी वापरली आहे. साल्झगिटर ही पश्चिम जर्मनीची सरकारी पोलाद कंपनी. १९८९-९० च्या सुमारास ती विकली गेली. आलेला पैसा अंदाजपत्रकात मिसळून एका वर्षात संपवता आला असता. अर्थमंत्री थिओ वायगेल यांच्या पुढाकाराने वेगळं ठरलं. १९९० मध्ये संसदेने कायदा केला आणि सुमारे अडीच अब्ज मार्क, म्हणजे १.२८८ अब्ज युरो, एका प्रतिष्ठानाच्या नावे ठेवले. त्याचं नाव ‘डॉइचे बुंडेसश्टिफ्टुंग उमवेल्ट’, जर्मन संघराज्याचं पर्यावरण प्रतिष्ठान. १९९१ पासून ओस्नाब्रुक शहरातून त्याचं काम चालतं.

मुद्दलाला हात लावायचा नाही, त्यावरच्या कमाईतून अनुदानं द्यायची. ती मिळतात विद्यापीठांना, छोट्या-मध्यम उद्योगांना, निसर्गरक्षणाच्या कामांना, प्रदूषणाने झिजणाऱ्या जुन्या वास्तू वाचवणाऱ्यांना. आतापर्यंत दहा हजारांहून जास्त प्रकल्पांना मदत झाली आणि मूळ निधी कमी होण्याऐवजी वाढला. धूर ओकणाऱ्या उद्योगाच्या विक्रीतून हवा-पाण्याचं संशोधन पोसलं जातंय. सरकारं बदलली तरी या पैशासाठी दरवर्षी कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

हा वक्फ नव्हे. मूळ भांडवल गुंतवण्याची पद्धत वेगळी, व्याजाचा प्रश्न वेगळा, कायदा वेगळा. पण मुद्दल आणि फळ वेगळं ठेवण्याची शिस्त तीच आहे. फरक असा की तिथे हिशेब दरवर्षी छापला जातो आणि कुणीही तो वाचू शकतो.

आपल्या हातात काय उरलं

इथे मान खाली जाते. न्या. राजिंदर सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवलं की देशात ४.९ लाख नोंदणीकृत वक्फ मालमत्ता आणि सुमारे ६ लाख एकर जमीन आहे. बाजारभावाने किंमत अंदाजे १.२० लाख कोटी रुपये. वर्षाचं उत्पन्न मात्र १६३ कोटी. नीट वापर झाला असता आणि दहा टक्के परतावा धरला असता, तर ते १२ हजार कोटी व्हायला हवं होतं. मुद्दल कागदावर राहिलं, फळ भलतीकडे गेलं. काही अतिक्रमणात गेलं, त्यात सरकारी खातीही आहेत. काही नाममात्र भाड्यात गेलं आणि ते भाडेकरू अनेकदा आपलेच असतात. काही मुतवल्लींनी खाल्लं. महाराष्ट्राच्या वक्फ मंडळाचं मुख्य कार्यालय पाणचक्कीच्याच आवारात आहे. तिथे खेटे घालणाऱ्या माणसाला बाजूच्या हौदाची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही.

वक्फ (सुधारणा) कायदा, २०२५ वरून देशभर वाद पेटला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सरकारच्या हेतूंबद्दल शंका घेणं आणि हक्कासाठी लढणं आवश्यकच आहे. पण जमीन कुणाची यावर आपण जेवढं बोलतो, तेवढं तिच्या फळाचं काय झालं यावर बोलत नाही. प्रत्येक मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळा असतात. किती ठिकाणी दुकानांच्या भाड्याचा हिशेब लावलेला असतो?

बावडी पुन्हा बुजल्यावर मी मशिदीच्या कमिटीपुढे एक प्रस्ताव ठेवला होता. मशिदीच्या गाळ्यांपैकी एकाचं भाडं बावडीच्या देखभालीला द्यावं. एका बुजुर्गांनी शांतपणे थांबवलं. म्हणाले, “बेटा, देणाऱ्याने ते गाळे मशिदीच्या दिवाबत्तीसाठी दिलेत. आपल्या मर्जीने आपण ते विहिरीकडे वळवू शकत नाही.” त्यांचं बरोबर होतं. वाकिफने घातलेली अट पाळणं हाच वक्फचा पाया. ती अट सोयीने मोडत गेल्यामुळेच आपली ही अवस्था झाली. मग तेच म्हणाले, “बावडीसाठी नवीन काहीतरी उभं करा. छोटं करा, पण तिच्या नावाचं करा.”

त्यावर सध्या बोलणी चालू आहेत. एका घराने रस्त्याकडची एक खोली देण्याची तयारी दाखवली आहे. तिचं भाडं फक्त बावडीला. लिखापढी, नोंदणी, वारसांची संमती, सगळं बाकी आहे. एक भाऊ अजून राजी नाही. होईल की नाही, मी आज सांगू शकत नाही.

गाळ उपसायला पुन्हा अनुदान लागणारच. त्या खोलीच्या भाड्यातून जाळी बदलेल, मोटार दुरुस्त होईल, उतरणाऱ्याला मजुरी मिळेल, पण दहा वर्षांचा गाळ निघणार नाही. म्हणून अनुदान देणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. दहा रुपये देत असाल तर नऊच खर्चायला द्या आणि एक देखभालीची ठेव म्हणून बांधून ठेवा. त्याची फीत कापता येणार नाही, फोटोही निघणार नाही. पण काम टिकेल.

आणि आपल्या लोकांना सांगणं असं की बावडी फक्त मोहल्ल्याची नाही. उन्हाळ्यात पलीकडच्या गल्लीतल्या बायकाही तिथूनच पाणी न्यायच्या. हजरत उमर यांच्या जमिनीच्या फळात प्रवासी आणि पाहुणेही होते, हे विसरू नये.

ती शंभर शब्दांची चौकट मला पुन्हा भरायची आहे. या वेळी ‘समिती देखभाल करेल’ असं लिहिणार नाही. खोली कुठली, भाडं किती, हिशेब कुठल्या भिंतीवर लागणार, एवढंच लिहीन. खोली मिळाली नाही, तर अर्जच करणार नाही.