लाखेची तबकडी व आमची आवडनिवड

आवडीनिवडीचाहि इतिहास असतो, ही गोष्ट आमच्याकडे फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. राजांच्या स्वाऱ्या व सनदा यांचा इतिहास लिहिला जातो. परंतु एखाद्या जिल्ह्यांतील सुशिक्षित माणसांना अमुक गाणें गोड कां वाटलें व अमुक हीन कां वाटलें, याचीं कारणें शोधण्याच्या खटाटोपांत सहसा कोणी पडत नाहीं. आवड ज्याची त्याची, असें म्हणून आपण मोकळे होतों. भंडारा येथील आमच्या घरांतील जुन्या ध्वनिमुद्रिकांची पेटी आवरतांना, आमची आवड खरोखर आमचीच होती काय, असा प्रश्न आम्हांस पडला. त्याचें उत्तर शोधतां शोधतां हा लेख झाला.

हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रणाचा उद्योग १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास सुरू झाला. ग्रामोफोन कंपनीच्या वतीनें आलेल्या फ्रेडरिक गैसबर्ग यांनीं तेथें गौहरजान हिचें गाणें मुद्रित केलें. गाणें संपतांच ती आपलें नांव इंग्रजींत उच्चारी. तबकड्या जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं तयार होत, आणि तेथील कारागिरांस गाणारें कोण हें कळावें, असें त्याचें कारण सांगतात. १९०८ सालीं कलकत्त्यांतच सियालदा येथें कारखाना निघाला. दहा इंची तबकडी मिनिटास ७८ फेरे घेई व तिच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावे. १९२५ च्या सुमारास विजेच्या साह्यानें मुद्रण करण्याची युक्ति निघाली. तोंवर गवयास भोंग्यासमोर तोंड धरून मोठ्यानें गावें लागे. ज्यास आपण ‘जुनें गाणें’ म्हणतों, त्याचें रूप असें गवयाच्या मर्जीइतकेंच भोंग्यानें व घड्याळानेंहि ठरविलें होतें.

त्या तबकडीचा भंडारा जिल्ह्याशीं एक वेगळाच संबंध आहे. ती दगडाची पूड, काजळी इत्यादि जिन्नस लाखेंत एकजीव करून बनवीत. आणि लाख पुरविण्यांत जगांत हिंदुस्थानचा हात धरणारा कोणी नव्हता. लाखेचे किडे पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर पोसतात, आणि पळसाची आमच्याकडे वाण नाहीं. फाल्गुनांत वैनगंगेच्या खोऱ्यांतून जाणाऱ्यास हें सांगावयास नको. १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यांतच मोडणाऱ्या गोंदियास लाखेचा व्यापार चाले. कलकत्त्यास जाणारा लोहमार्गहि भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया असाच जातो. त्या मार्गानें जंगलाची लाख बाहेर जावी आणि शहराचें गाणें आंत यावें, असा हा व्यवहार होता.

आतां पेटींतील आमच्या आवडत्या मुद्रिकांविषयीं. पहिला मान अब्दुल करीमखांच्या झिंझोटींतील ठुमरीस. खांसाहेबांचा जन्म १८७२ चा व मृत्यु १९३७ चा. ही मुद्रिका त्यांनीं साठी उलटल्यावर दिलेली आहे. तींत घाई कोठेंच नाहीं. तीन मिनिटांच्या कोंडींत सांपडलेला गवई एरवीं सुटकेसाठीं धडपडतो. खांसाहेब मात्र स्वर लावून त्यावर असे स्थिरावतात कीं काळ जणूं त्यांच्यासाठीं थांबला आहे. दुसरी आवडती मुद्रिका गोविंद नारायण जोशी यांच्या ‘शीळे’ची. कविता मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची, गायकहि विदर्भांत वाढलेला. १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच ती घरोघरीं पोंचली. कवीचा ‘शीळ’ हा संग्रह १९५४ सालीं निघाला, म्हणजे पुस्तकाच्या पुष्कळ आधीं कविता लोकांच्या तोंडीं बसली होती. त्या मुद्रिकेंत सूर साधा व शब्द स्पष्ट आहेत. आपल्याकडील माणूसहि तबकडींत शिरूं शकतो, हा आनंद तिनें आम्हांस प्रथम दिला.

नावडत्या मुद्रिकांविषयीं लिहितांना कांहीं वाचक रागावतील, हें आम्ही जाणून आहों. भोंग्याच्या काळांतील ख्यालाच्या पुष्कळशा मुद्रिका आम्हांस अप्रिय आहेत. आलाप संपला न संपला तोंच तानांची पळापळ सुरू होते. ‘शीळे’च्या मागून आलेल्या भावगीतांच्या पुरांतील बरींच गाणीं आम्हांस नुसत्या पाकासारखीं गोड व पचावयास जड वाटतात. आणि धीर करून सांगतों, बालगंधर्वांच्या मुद्रिका आम्ही कर्तव्य म्हणून ऐकतों. दोष त्या थोर नटाचा नव्हे. ज्याचें पद रंगभूमीवर ‘वन्स मोअर’च्या गजरांत फुलत जाई, त्याचें पद येथें कळी असतांनाच खुडलें जातें. ज्यांनीं त्यांस रंगभूमीवर पाहिलें, त्यांस मुद्रिका ही आठवणीची खूण होती. आम्हांस तीच मूर्ति मानावी लागली.

परंतु मुद्रिकेचा खरा अन्याय ती वाईट वाजते हा नाहीं. तींत जें नाहीं तें नव्हतेंच असें ती आपणांस भासविते, हा आहे. भास्करबुवा बखले १९२२ सालीं गेले. त्यांचा आवाज आज कोठेंहि ऐकावयास मिळत नाहीं. अल्लादियाखां १९४६ पर्यंत होते. त्यांचीहि मुद्रिका नाहीं. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी मात्र १९७७ सालीं अमेरिकेच्या ‘व्हॉयेजर’ यानांवरील सोनेरी तबकडींत जगांतील निवडक सत्तावीस संगीतरचनांत बसविली गेली, आणि आतां ती सूर्यमालेच्या वेशीपलीकडे गेली आहे. शिष्येचा सूर ताऱ्यांकडे निघाला. गुरूचा सूर येथेंच विरला. तरी या थोरांचीं नांवें तरी शिष्यपरंपरेनें राखलीं. ज्यांस परंपरेची पोथी नव्हती, त्यांचें काय?

याचा जाब आम्हांस आमच्याच घरीं द्यावा लागतो. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टींत गांवोगांव मंडई भरते, आणि रात्रीं दंडार व खडी गंमत यांचे खेळ होतात. आम्ही लहान असतांना अशाच एका मंडईच्या सायंकाळीं आजोबांनीं बाहेरचा गलबला नको म्हणून खिडक्या लावून घेतल्या व झिंझोटीची तबकडी लावली. घरचा सालदार कांहीं निरोप घेऊन आला होता, तो दाराशींच उभा राहिला. गाणें संपेपर्यंत तो हालला नाहीं. मग अदबीनें म्हणाला, “मालक, या पेटींत आपली दंडार नाहीं का जी?” आजोबा हंसले. ते हंसले म्हणून आम्हीहि हंसलों. तो कांहीं न बोलता निघून गेला. त्या रात्रीं दंडारींत तो स्वतः गाणार होता, हें आम्हांस दुसऱ्या दिवशीं कळलें.

आज झिंझोटींतील खांसाहेबांचा श्वास कोठें पडतो हें आम्ही डोळे मिटून सांगूं. सालदाराच्या गाण्याची एक ओळ आम्हांस ठाऊक नाहीं. आम्ही तें कधीं ऐकलेंच नाहीं. तरीहि आमच्या मनांतील नावडत्यांच्या यादींत दंडारीचें स्थान कित्येक वर्षें अगदीं तळाशीं होतें. न ऐकलेलें गाणें नावडतें कसें झालें? तें पेटींत नव्हतें, एवढ्यावरूनच. ज्या रानाच्या लाखेनें अशा तबकड्या घडविल्या, त्या रानाचा कंठ त्यांत नाहीं याचें आम्हांस आश्चर्य वाटलें नाहीं. त्या माणसास मात्र तें वाटलें होतें. त्याचा प्रश्न भाबडा नव्हता. आमचें हंसणें भाबडें होतें.

खांसाहेबांची झिंझोटी यामुळें उणी होत नाहीं. तिला आम्ही यापुढेंहि पहिलाच मान देऊं. परंतु आवडीची यादी करतांना तींत केवळ ऐकलेलेंच असतें, आणि काय ऐकावयाचें हें पुष्कळदां दुसऱ्याच कोणी ठरविलेलें असतें, एवढें ध्यानांत ठेवावें. आतां ध्वनिमुद्रणास कंपनी लागत नाहीं, भोंगा लागत नाहीं, तीन मिनिटांची अटहि उरली नाहीं. खिशांतील यंत्र पुरतें. झाडीपट्टींत नाटकांचा हंगाम अजून जोरांत असतो, आणि जुन्या दंडारी जाणणारीं माणसें शोधलीं तर सांपडतात. येत्या मंडईस त्यांच्याकडे जाऊन खेळ संपेपर्यंत बसावयाचें आम्हीं ठरविलें आहे. तें गाणें आम्हांस आवडेल कीं नाहीं, हें ऐकल्यानंतर सांगूं.