आमच्या तोंडाची बखर

इतिहास म्हटला की राजे, लढाया, तह आणि सनावळ्या. शाळेत बत्तीस वर्षे मी हेच शिकवले आणि मुलांनी हेच झोपेत ऐकले. सेवानिवृत्त झाल्यावर मात्र माझ्या ध्यानात आले की, ज्या प्रदेशावर माझ्या डोळ्यांदेखत सर्वांत जास्त स्वाऱ्या झाल्या, त्याचा इतिहास लिहायचा राहूनच गेला आहे. तो प्रदेश म्हणजे आमच्या घरातल्या माणसांचे तोंड. क्षेत्रफळ टीचभर, पण तिथे बेसन आले, मसुराची डाळ आली, साबण आला, स्नो आला, क्रीम आले. प्रत्येकाने काही वर्षे राज्य केले, आणि महसूल मात्र आमच्या वडिलांच्या खिशातून वसूल झाला.

आमचे गाव कारंजा. बाहेरगावी एवढे सांगून भागत नाही. "लाडांचे का?" हा प्रश्न येतोच. लाडांचे कारंजा वाशीम जिल्ह्यातले, नृसिंहसरस्वतींच्या जन्मस्थानाचे. आमचे कारंजा वर्धा जिल्ह्यातले, नागपूर-अमरावती रस्त्यावरचे, घाडग्यांचे. त्यांचे लाड झाले. आम्ही आपले घाडगे म्हणून कंसात बसलो. गावाला हे नाव करंजाच्या झाडावरून पडले की आणखी कशावरून, ह्या वादात मी पडत नाही. पण करंज हे कातडीच्या इतिहासातले खानदानी झाड आहे. चरकसंहितेत खाज घालवणाऱ्या दहा औषधांची यादी आहे. तीत ते 'नक्तमाल' ह्या भारदस्त नावाने कडुलिंबाच्या पंगतीला बसले आहे. लहानपणी आम्हांला खरूज झाली की आजी करंजाचे तेल चोळत असे. त्या तेलाचा वास असा की, खरजेच्या आधी मित्र पळून जात.

आता आमच्याकडचे ऊन. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर गेला तरी "औंदा तेवढं तपलं नाही बाप्पा" म्हणणारे लोक आम्ही. शिवाय संत्र्यांचा मुलूख. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात नाव नागपूरचे झाले, पण घाम आमच्याही तालुक्याने गाळला आहे. बागेत दिवसभर राबणाऱ्या बायांच्या तोंडावर हे ऊन आपली सही करून जाते. अशा गावात कातडी सांभाळायची म्हणजे चुलीशेजारी लोणी राखण्यासारखे.

आमच्या घरातला पहिला कालखंड आजीचा. तिचे शास्त्र थोडके होते. सकाळी गार पाण्याने तोंड धुवायचे. पदराने टिपायचे, पुसायचे नाही. थंडीत दुधावरची साय लावायची. उन्हात निघताना डोके, कान, गाल असे सगळे पदरात गुंडाळायचे. सणावारी बेसन, दूध आणि चिमूटभर हळद. मी तोंडाला संत्र्याची वाळलेली साल खसाखसा घासताना दिसलो की ती ओरडे, "तोंड हाय का तवा, घासून राह्यला?"

आजीला सहीसुद्धा येत नव्हती. पण पुढे कधीतरी वाग्भटाचे 'अष्टांगहृदय' चाळताना मी थक्क झालो. सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात मुखलेपाचे सगळे कायदेकानून दिलेले आहेत. लेप तीन प्रकारचे: एक दोष घालवणारा, एक विष उतरवणारा, एक कांती आणणारा. जाडी पाव बोट, तिसरा हिस्सा बोट किंवा अर्धे बोट. सहा ऋतूंचे सहा वेगळे लेप. आणि मुख्य गोष्ट अशी की, लेप वाळू द्यायचा नाही. वाळलेला लेप कांती बिघडवतो. म्हणून तो ओला करून काढायचा आणि मग तेल लावायचे. आजचे त्वचारोगतज्ज्ञ 'खरवडू नका, धुतल्यावर ओलसर कातडीला मॉइश्चरायझर लावा' म्हणून जे सांगतात, त्यापासून हे काही फार लांब नाही. फरक एवढाच की, वाग्भटाला तपासणी फी किती होती हे लिहिलेले नाही.

पण खरी मेख पथ्यात आहे. लेप तोंडावर असेपर्यंत दिवसा झोपायचे नाही, फार बोलायचे नाही, विस्तवाजवळ वा उन्हात जायचे नाही, शोक करायचा नाही आणि रागवायचे नाही! वाचकहो, मध्यमवर्गीय घरातल्या कुठल्या बाईला ह्या अटी पाळता येतील, सांगा. चूल सोडता येत नाही, वाळवण राखायला ऊन चुकत नाही, आणि नवरा समोर असल्यावर राग कसा चुकणार? आमच्या घरात लेप कधी कोणाला मानवला नाही, त्याचे कारण डाळीच्या पिठात शोधण्यात अर्थ नाही.

लेपाच्या बाबतीत आमचा जिल्हा मात्र अगदीच मागासलेला नाही. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. १९४० मध्ये त्याचेच सेवाग्राम झाले. तिथे ते कपाळावर ओल्या मातीची पट्टी ठेवून पडत. कारण रक्तदाब, कांती नव्हे. तरी माझी आत्या ह्या माणसाचा दाखला देऊन खुशाल आमच्या तोंडाला शेतातली काळी माती फासायची. आईचा कल मुलतानी मातीकडे. मुलतान १९४७ साली पाकिस्तानात गेले, पण माती मात्र आमच्या किराणा दुकानात पुडीत मिळतच राहिली.

दुसरा कालखंड साबणाचा. १९४१ साली लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत झळकल्या आणि मराठी घरांत साबणाच्या वडीला तोंड फुटले. आमच्याकडे मात्र साबण अंघोळीचा नसून अब्रूचा होता. चांगली वडी पाहुण्यांसाठी, आणि तिची शेवटची चकती आमच्यासाठी. स्नोही होता. मुंबईच्या पाटणवालांनी १९१९ मध्ये काढलेला 'अफगाण स्नो' आईच्या लग्नात कोणीतरी आहेर केला होता. स्नो संपल्यावर त्या बाटलीत वडिलांनी अनेक वर्षे टाचण्या ठेवल्या. टाचणी काढताना ते बाटलीचा वास घेत आणि "काय दिवस होते" म्हणत. आईचे दिवस की स्नोचे, हे त्यांनी कधी स्पष्ट केले नाही.

इथवर ही बखर हसतखेळत आली. तिसऱ्या कालखंडात मात्र माझ्या ताईचे नाव आहे.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. हुशार, कामसू, वर्णाने सावळी. १९८० च्या मे महिन्यात तिला बघायला नागपूरची मंडळी येणार होती. महिनाभर आधीपासून घरात युद्धाची तयारी. मसूर भिजले, साय साठली, आणि आईने आठवडी बाजारातून गोरेपणाची एक ट्यूब आणली. कंपनीचे नाव आता आठवत नाही. ट्यूबवरच्या बाईचे गोरे हसू मात्र आठवते. ताई मुकाट्याने सगळे लावून घेई. रोज संध्याकाळी आई तिला खिडकीशी नेऊन उजेडात बघे. आईचा चेहरा पडला की मला पोटात कसेसेच होई, आणि ताई उलट तिलाच म्हणे, "कालच्यापेक्षा बरं हाय न व माय?"

मी सतरा वर्षांचा, तोंडभर पुटकुळ्या. घरात सगळे उजळत असताना आपण का मागे राहावे, म्हणून एका सकाळी मी गालांना लिंबाचा रस चोळला आणि सायकलवरून भर उन्हात बागेत गेलो. लिंबाच्या रसातली काही द्रव्ये ऊन लागले की कातडी पोळतात, हे तेव्हा मला कोणी सांगितले नव्हते. दोन दिवसांनी गाल लाल झाले, आणि आठवड्याने पाहुणे आले तेव्हा त्यांवर तपकिरी नकाशे उमटले होते. पोहे घेऊन मी पुढे झालो. मुलाच्या आईने बशी घेतली नाही. आधी माझ्या गालांकडे बघितले आणि मग माझ्या वडिलांकडे. "हे घराण्यात आहे का?"

चार दिवसांनी कार्ड आले. पत्रिका जुळत नव्हती.

मी रडत ताईकडे गेलो. "माझ्यामुळंच झालं." ताई म्हणाली, "नाही रे बाबू. मी सैपाकघरातून ऐकलं. त्या बाई म्हणल्या, पोरगी गुणाची हाय, पण दिवा लावून शोधा लागन." एवढे बोलून ती हसली. ते हसू मला आजही नीट आठवते, कारण त्यात हसण्यासारखे काही नव्हते. मग तिने ती ट्यूब माझ्या हातात दिली. "सायकलच्या चेनीले लाव. चेन तरी गोरी होईन."

ताईने त्या दिवसापासून तोंडाला काही फासले नाही. शिकली, शिक्षिका झाली. दोन वर्षांनी एक गृहस्थ आले. त्यांनी मुलीला काय काय येते हे न विचारता ती काय काय वाचते हे विचारले, आणि पोहे दोनदा मागून घेतले. ते आमचे जावई झाले. लग्नात ताईला हळद लागली, तेवढाच काय तो शेवटचा लेप.

ह्या हळदीचा इतिहासही कमी नाट्यमय नाही. एके काळी नागपुरात किराणा दुकान चालवणारे केशव विष्णू पेंढरकर मुंबईला गेले आणि १९५२ साली त्यांनी विको काढली. पुढे विकोने हळदीचे क्रीम आणले, आणि अबकारी खात्याला प्रश्न पडला की, हे औषध की शृंगार? औषध म्हटले तर कर कमी, शृंगार म्हटला तर जास्त. हा वाद ठाण्याच्या दिवाणी न्यायालयापासून चढत चढत २००४ साली सर्वोच्च न्यायालयात पोचला, आणि तिथेही औषध हेच ठरले. आजी असती तर तिने हा निकाल पाटा-वरवंट्याशी बसून अर्ध्या मिनिटात दिला असता. दुसरीकडे, हळदीने जखम भरते ह्या शोधावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर ज्या सीएसआयआरचे महासंचालक होते, त्या संस्थेने जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे ठेवून १९९७ मध्ये ते रद्द करवून घेतले. हळदीने आपले हक्क असे दोनदा कोर्टकचेरी करून मिळवले. सावळ्या मुलींना मात्र अपिलाला कोर्टच नव्हते.

काळ बदलला असे म्हणतात. १९७८ पासून देशभर विकल्या जाणाऱ्या फेअर अँड लव्हलीने २०२० मध्ये नावातून 'फेअर' काढून 'ग्लो' घातले. बाटलीवरचे नाव बदलायला बेचाळीस वर्षे लागली. लोकांच्या डोळ्यांना किती लागतील, ह्याचा हिशेब माझ्या सनावळीत बसत नाही.

कारण गेल्याच महिन्यात ताईची सतरा वर्षांची नात सुट्टीत आमच्याकडे आली, आणि तिच्या पिशवीत एक पांढरी डबी निघाली. ना नाव, ना घटक, ना कारखान्याचा पत्ता. मैत्रिणीने दिलेली, "आठ दिवसांत ग्लो येतो आजोबा." ताईने चष्मा लावला, डबी उलटीपालटी केली आणि कपाटातून एक जुने कात्रण काढून पोरीपुढे ठेवले. २०२३ च्या सुरुवातीची अकोल्याची बातमी. एका घरातल्या मायलेकींना मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासण्या झाल्या तेव्हा चोर सापडला तो तोंडाच्या क्रीममध्ये, आणि त्याचे नाव पारा. पारा कातडीत रंग तयार होऊ देत नाही म्हणून चेहरा उजळतो, आणि तोच पारा आत मुरून मूत्रपिंडे पोखरतो. विदर्भात पारा उन्हाळ्यात चढतो हे ठाऊक होते. तो डबीतून चढतो हे मलाही नवीनच. दुसरी तऱ्हा स्टेरॉइडच्या मलमांची. आधी रंग उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, पुटकुळ्या येतात. २०१८ साली सरकारने अशी चौदा मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तेव्हा कुठे दुकानदारांना ती औषधे असल्याची आठवण झाली.

पोरीने डबी कचऱ्यात टाकली. पण थोडी हिरमुसली. मग तिने ताईच्या चेहऱ्याकडे बघितले. ताई सदुसष्टची. तोंडावर सुरकुत्या आहेत, पण कातडी अजून तुकतुकीत, आणि रंग तोच, १९८० सालचा.

"आजी, तू तोंडाला काय लावतेस गं?"

"सकाळी पानी," ताई म्हणाली, "उन्हात पदर. तुले पदर नसन जमत तर ओढणी बांध, सनस्क्रीन लाव, दोन-दोन तासांनी लाव. पुटकुळी आली त फोडू नको. रात्री तोंड धुतल्याबिगर झोपू नको. आन् लोकाईचं बोलनं लावून नाही घेत."

वाग्भटाने शोक आणि क्रोध वर्ज्य सांगितले होते, पण हे शेवटचे कलम त्याच्याकडून राहूनच गेले होते. मी ते लगेच वहीत टिपून घेतले.

ही बखर लिहून झाल्यावर मी सौभाग्यवतीला वाचून दाखवली. तिने शांतपणे ऐकली. तेव्हापासून दर रविवारी ती मला बसवून संत्र्याच्या सालीचा वस्त्रगाळ लेप लावते. बासष्टाव्या वर्षी माझा रंग उजळावा अशी तिची मुळीच अपेक्षा नाही. लेप असेपर्यंत बोलायचे नाही, एवढे एकच कलम तिने उचलले आहे. आणि लेप वाळू द्यायचा नाही म्हणून दर दहा मिनिटांनी ती त्यावर पाणी शिंपडते.