शेअर ब्रोकरशी वाद झाला, तर लवाद नेमतो कोण?

न विचारता खात्यातून सौदे झाले, पैसे अडकले किंवा शेअर मिळेनात, तर गुंतवणूकदाराला पहिली शंका येते: निवाडा करायला ब्रोकरचाच माणूस बसला तर? सेबीने ३१ जुलै २०२३ च्या परिपत्रकाने ‘स्मार्ट ओडीआर’ ही ऑनलाइन व्यवस्था आणली. तिच्यात लवाद निवडणं ना ब्रोकरच्या हातात आहे, ना तक्रारदाराच्या.

आधी काय करायचं?
प्रथम ब्रोकरकडे लेखी तक्रार करावी. दाद मिळाली नाही तर सेबीच्या ‘स्कोअर्स’ पोर्टलवर जावं. तिथेही समाधान झालं नाही, तर स्मार्ट ओडीआरवर वाद नोंदवता येतो. या नोंदणीला शुल्क नाही.

निवड कशी होते?
शेअर बाजारांनी आपल्या यादीवर घेतलेल्या वाद निवारण संस्थांकडे प्रकरणं आळीपाळीने जातात. संस्था आधी समेटासाठी एक मध्यस्थ देते. त्याला २१ दिवसांची मुदत असते. समेट फिसकटला आणि वाद लवादाकडे नेला, तर हीच संस्था ५ दिवसांत लवाद नेमते. लवादाचं शुल्क मात्र दाव्याच्या रकमेप्रमाणे भरावं लागतं. दाव्याची रक्कम ३० लाखांपर्यंत असेल तर एक लवाद, त्यापेक्षा जास्त असेल तर तिघांचं मंडळ बसतं.

लवादावर शंका असेल तर?
१९९६ च्या लवाद कायद्याप्रमाणे दोन्ही बाजूंशी असलेलं नातं, व्यवहार किंवा हितसंबंध लवादाने लेखी उघड करावे लागतात. निःपक्षपातीपणावर रास्त शंका असेल, तर कारण कळल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेता येते. निकाल लागेपर्यंत गप्प बसू नये.

सुनावणीला मुंबई गाठायची का?
नाही. कामकाज ऑनलाइन चालतं आणि गुंतवणूकदार जिथे कायम राहतो, तेच लवादाचं ठिकाण धरलं जातं. म्हणजे पुणे शहर असो की जुन्नर, इंदापूर, निवाड्याला आव्हान द्यायचं तर ते पुण्याच्या सक्षम न्यायालयात. त्यासाठी ३ महिन्यांची मुदत असते.

हे लक्षात ठेवा
ही सोय सेबीकडे नोंदणी असलेल्यांपुरती आहे. भिशी, पतसंस्थेची ठेव, डब्बा ट्रेडिंग किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हमखास परतावा’ सांगणारा बिननोंदणीचा सल्लागार तिच्यात बसत नाही. त्यामुळे पैसे देण्याआधीच नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासून घ्यावा. काँट्रॅक्ट नोट, खातेउतारा आणि मेसेज जपून ठेवावेत. लवाद कोणीही असो, तो पुरावाच मागणार.