औषधाचे नाव आणि औषध : परिभाषेच्या इतिहासातील काही टप्पे

परिचर्या व औषधनिर्माण शाखांच्या विद्यार्थ्यांपुढे औषधशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासात पहिला अडसर उभा राहतो तो परिभाषेचा. ‘फार्माकॉलॉजी’, ‘डोस’, ‘सिरप’, ‘अल्कली’ हे शब्द इंग्रजांचे आहेत, ते पाठ करण्याखेरीज गत्यंतर नाही, अशी समजूत उर्दू व मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांत सर्रास आढळते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. ही परिभाषा कोणत्याही एका भाषेची मालमत्ता कधीच नव्हती. वैद्यक एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेले, त्या प्रत्येक वेळी नाव आणि वस्तू यांची सांगड नव्याने घालावी लागली. ती जिथे चुकली तिथे रोग्याच्या हाती भलतेच औषध पडण्याचा धोका होता.

‘फार्माकॉन’ या ग्रीक शब्दाचा अर्थ औषध असा आहे, तसाच विष असाही आहे. ‘डोस’चे मूळ ‘डोसिस’ म्हणजे ‘देणे’. ‘सिरप’ हा अरबी ‘शराब’ म्हणजे ‘पेय’ या शब्दावरून लॅटिनमार्गे इंग्रजीत गेला. आपले ‘सरबत’ त्याच धातूपासून आलेले आहे. ‘अल्कली’ म्हणजे अरबी ‘अल्-कली’, क्षारयुक्त वनस्पतीची राख. मराठीतील अर्क, मलम, दवा, माजून हे शब्दही अरबीतूनच आले.

नवव्या शतकात बगदादमध्ये ग्रीक ग्रंथांचे अरबी भाषांतर मोठ्या प्रमाणावर झाले. पहिल्या शतकातील डायोस्कोरिडीझ याचा औषधिद्रव्यांवरील ग्रंथ इस्तिफान बिन बासील याने भाषांतरित केला व हुनैन बिन इसहाक याने तो तपासला. ज्या द्रव्यांना अरबी नाव सापडले नाही, त्यांची ग्रीक नावे इस्तिफानने तशीच अरबी लिपीत ठेवली. पुढे कोणीतरी ती ओळखील, ही त्यामागची अपेक्षा. अंदाजाने नाव देण्याचे त्याने टाळले, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

ही अपेक्षा शतकभराने स्पेनमधील कुर्तुबा येथे पुरी झाली. इ. स. 948 च्या सुमारास कुस्तुनतुनियाच्या सम्राटाने खलिफा अब्दुर्रहमान तिसरा याला त्याच ग्रंथाची सचित्र ग्रीक प्रत भेट पाठवली. कुर्तुब्यात ग्रीक वाचणारा कोणी नव्हता. म्हणून 951 मध्ये निकोलस नावाचा ख्रिस्ती साधू तेथून बोलावण्यात आला. ज्यू वैद्य हस्दाय बिन शप्रूत, मुस्लिम हकीम आणि हा साधू यांनी एकत्र बसून एकेका वनस्पतीची ओळख पटवली. हकीम इब्न जुलजुल याने लिहून ठेवले आहे की अखेरीस सुमारे दहाच द्रव्यांविषयी शंका उरली. तीन धर्मांच्या माणसांनी मिळून केलेले हे काम परिभाषानिर्मितीचा आदर्श मानावे लागेल.

या प्रवासात हिंदुस्थानचा वाटाही मोठा आहे. संस्कृत ‘त्रिफळा’ अरबीत ‘इत्रीफल’ झाला आणि त्याच नावाने युनानी वैद्यकातून इथे परत आला. अल्-बिरुनीने अकराव्या शतकात ‘किताबुस्सैदना’ या ग्रंथात औषधांची अरबी, ग्रीक, सुरयानी, फारसी व हिंदी नावे एकत्र दिली. ‘सैदना’ हा औषधविक्रीचा वाचक शब्दच चंदन विकणाऱ्याच्या हिंदी नावावरून आला, असे त्याचे मत होते.

शब्द प्रवास करतो तेव्हा अर्थही सरकतो. फारसी ‘गुलाब’ म्हणजे गुलाबपाणी. अरबीत त्याचे ‘जुलाब’ झाले आणि इंग्रजीत ‘जूलेप’ हे गोड पेय. मराठीत मात्र ‘जुलाब’ रेचकालाही म्हणतात आणि अतिसारालाही. ‘जुलाब घेतला’ हा उपाय, तर ‘जुलाब झाले’ ही तक्रार. क्रियापद नीट न ऐकणारी परिचारिका नोंदवहीत उलटेच लिहू शकते.

एकोणिसाव्या शतकात हेच काम दक्षिणेत मद्रासचे डॉ. मोहिदीन शरीफ यांनी केले. 1868 मध्ये ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’ प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी, 1869 मध्ये, त्यांची पुरवणी आली. तीत औषधिद्रव्यांची दखनी, हिंदुस्थानी, तमिळ, तेलुगू, कन्नड, मराठी इत्यादी अनेक भाषांतील नावे आहेत. बाजारात नावाच्या भरवशावर औषध मागितले जाई; त्यामुळे अशा यादीची गरज उघड आहे. ही अडचण आजही संपलेली नाही. ‘ब्राह्मी’ हे नाव बॅकोपा मोनिएरी आणि सेंटेला एशियाटिका या दोन निरनिराळ्या वनस्पतींना दिले जाते.

हैदराबादेत 1917 मध्ये उस्मानिया विद्यापीठासाठी दारुत्तर्जुमा स्थापन झाले, तेव्हा परिभाषा अरबीवरून घडवावी की बोलीतील शब्द व प्रत्ययही घ्यावेत, असा वाद झाला. वहीदुद्दीन सलीम यांनी ‘वज़-ए-इस्तिलाहात’ या 1921 च्या ग्रंथात दुसऱ्या पक्षाची बाजू मांडली. 1948 नंतर उर्दू माध्यम मागे पडले व इंग्रजी आले; पण शब्द घडवताना कोणाच्या सोयीचा विचार करायचा, हा सलीम यांचा प्रश्न जुना झालेला नाही.

जागतिक पातळीवर हीच अडचण जागतिक आरोग्य संघटनेपुढे आली. 1950 मध्ये तिने औषधांच्या आंतरराष्ट्रीय नावांची योजना स्वीकारली व 1953 मध्ये पहिली यादी काढली. त्या पद्धतीत नावाचा शेवट गट सांगतो : एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही ‘-ओलॉल’ गटातील, तर एनालाप्रिल, रामिप्रिल ही ‘-प्रिल’ गटातील. तरीही पॅरासिटामॉल अमेरिकेत ‘ॲसिटामिनोफेन’ या नावाने ओळखले जाते.

यावरून अध्यापनासाठी एक निष्कर्ष निघतो. परिभाषा केवळ पाठांतरासाठी न देता प्रत्येक शब्दाबरोबर त्याचे मूळ, रोग्याच्या तोंडचा प्रतिशब्द आणि प्रत्यक्ष द्रव्य किंवा क्रिया या तिन्ही गोष्टी विद्यार्थ्यापुढे याव्यात. ज्याला ‘सिरप’मध्ये सरबत दिसते, त्याला ती भाषा परकी वाटत नाही. आणि जिथे खात्री नसेल तिथे इस्तिफानप्रमाणे अंदाज न करता विचारून घ्यावे, ही सवय त्याला पहिल्या वर्षीच लागली पाहिजे. कारण औषधाच्या बाबतीत चुकीच्या नावाची किंमत विद्यार्थी नव्हे, रोगी मोजतो.