तासाची सायकल

मे महिन्यात दहा दिवसांची सुट्टी काढून बंगळुरूहून घरी आले. घर म्हणजे पिंपळे सौदागर. माझी सायकल बंगळुरूतच राहिली होती आणि सकाळी चाळीस-पन्नास किलोमीटर झाल्याशिवाय मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. म्हटलं, भाड्याने घेऊ. फोनवर 'बाईक भाड्याने' असं टाकलं तर स्कूटर आल्या, बुलेट आल्या, लडाखच्या सहली आल्या. सायकल आलीच नाही. मग 'रोड बाईक' टाकून पाहिलं. पातळ टायर, खाली वळलेलं हँडल, उचलली तर एका हातात येणारी. हिंजवडी आणि वाकडच्या पोरांनी गजबजलेल्या या भागात अशा सायकली विकत मिळतात. भाड्याने द्यायला मात्र लोक कचरतात.

चौथ्या फोनवर एक दुकानदार तयार झाला. त्याने आधी उंची विचारली, मग फ्रेमचा नंबर सांगितला, मग अनामत. ती ऐकून मी दोन सेकंद गप्प झाले. आधारकार्डाची प्रत, दोन फोन नंबर आणि सायकलीचे चारही बाजूंनी फोटो.

रात्री जेवताना हे सांगितलं तर बाबा हसले. "अगं, आम्हाला तर माणूस गहाण ठेवायला लागायचा."

त्या एका वाक्यावरून हा लेख निघाला. सुट्टीत सायकल भाड्याने घेणं ही मला परदेशातल्या पर्यटकांची चैन वाटत होती. प्रत्यक्षात महाराष्ट्रातल्या किमान दोन पिढ्या सायकल शिकल्या त्या सुट्टीत, आणि भाड्याच्याच सायकलीवर.

वही, घड्याळ आणि ओळख

आधी सायकल इतकी महाग का होती ते पाहू. आजच्यासारखी दोन सारख्या चाकांची आणि साखळीची सायकल इंग्लंडमध्ये १८८५ साली जॉन केम्प स्टार्लीने बाजारात आणली. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला आणि हाडं खिळखिळी होणं थांबलं. आपल्याकडे मात्र पुढची कितीतरी वर्षं सायकल म्हणजे बोटीने येणारी विलायती वस्तू होती: रॅले, बीएसए, हर्क्युलस. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स सुरू झाली १९३९ मध्ये. स्वातंत्र्यानंतर मद्रासला टीआय सायकल्स, सोनीपतला १९५१ मध्ये ॲटलस आणि लुधियानाला १९५६ मध्ये हिरो आली, तेव्हा कुठे ती मध्यमवर्गाच्या टप्प्यात आली. तरीही घरात एकच, आणि ती वडिलांची. त्या सायकलीला हात लावायची मुलांची टाप नव्हती.

म्हणून तासाची सायकल. प्रत्येक पेठेत, प्रत्येक तालुक्याच्या गावी एक तरी 'सायकल मार्ट' असायचं. बाहेर ओळीने काळ्या सायकली, मडगार्डवर पांढऱ्या रंगाने टाकलेले आकडे. आत भिंतीवर घड्याळ आणि टेबलावर लांबट वही. वहीत नाव, सायकलीचा नंबर, नेल्याची वेळ. बाबांच्या आठवणीत तासाला पंचवीस पैसे होते, पुढे पन्नास झाले. पोरांकडे घड्याळ नसायचं, त्यामुळे दुकानदाराचं घड्याळ म्हणेल तेच खरं. डबलसीट नको म्हणून बऱ्याच ठिकाणी कॅरियर काढून टाकलेलं असे. पंक्चर झाली तर भुर्दंड नेणाऱ्याचा.

लहान उंचीच्या मुलांसाठी 'हाफ' सायकल असे, पण ती सुट्टीत कायम बाहेर गेलेली. मग मोठ्याच सायकलीच्या नळीखालून पाय घालून, अर्धं अंग बाहेर लटकवून पॅडल मारायचं. ते जमलं की दांडीवरून आणि शेवटी सीटवर. एक मे महिना एका पायरीला जायचा.

अनामत नव्हती. तिच्या जागी ओळख होती. "कुणाचा रे तू?" या प्रश्नाचं उत्तर दुकानदाराला पटलं की सायकल मिळायची. चोरी का होत नव्हती, याचं कारण लोक जास्त प्रामाणिक होते हे नव्हे. दुकानदाराला तुमचं घर माहीत होतं, एवढंच.

आणि इथेच बाबांची अडचण झाली.

भोंगा आणि जामीन

बाबा लातूरकडून इथे आले १९८६ मध्ये. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ पासून होती, साठच्या दशकात टेल्को आणि आकुर्डीला बजाज आली होती, १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीने भोसरी, चिंचवडला प्लॉट पाडले होते. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. मराठवाड्यातून, खानदेशातून, सोलापूरकडून तरुण मुलं येत होती आणि त्यातलेच एक बाबा. कासारवाडीत चौघांत एक खोली, भोसरीत नोकरी. पहाटेच्या पाळीला वेळेवर बस मिळेलच असं नाही. पायी गेलं तर भोंगा चुकायचा आणि अर्ध्या दिवसाचा पगार जायचा.

ते सायकलच्या दुकानात गेले. "कुणाचा रे तू?" या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. ते कुणाचेच नव्हते. तीन दिवस रिकाम्या हाताने परतल्यावर कंपनीतले एक हेल्पर, याच भागात वाढलेले, त्यांच्यासोबत दुकानात आले आणि म्हणाले, "माझा माणूस आहे, लिहा माझं नाव." वहीत बाबांच्या नावापुढे कंसात त्यांचं नाव लिहिलं गेलं. महिन्याच्या बोलीवर सायकल मिळाली. बाबांनी सात महिने ती चालवली आणि मग जुनी ॲटलस विकत घेतली.

जुन्या दिवसांबद्दल बोलताना आपण 'तेव्हा विश्वास होता' असं म्हणतो. विश्वास होता, पण तो आधीपासून आतल्या असलेल्या माणसांसाठी होता. बाहेरून आलेल्याला कुणीतरी आत ओढून घ्यावं लागायचं.

ती सायकल इथून गेली कशी, हेही याच पट्ट्यात घडलं. १९७२ या एकाच वर्षी बजाजची चेतक आली आणि कायनेटिकची लुना आली. आधी चेतकसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागे, पण हळूहळू कंपन्यांच्या सायकल स्टँडवर स्कूटर दिसू लागल्या. 'सायकलींचं शहर' असा लौकिक असलेलं पुणे बघता बघता दुचाकींचं झालं. नगरपालिकांचा सायकल कर आणि त्याचा पत्र्याचा बिल्ला गेला, दिवा नाही म्हणून पकडणारा पोलीस गेला, आणि तासाच्या दुकानांनी पाटी बदलून पंक्चर काढायला घेतलं.

पांढरी, पिवळी, नारिंगी

ओळखीशिवाय सायकल देता येईल का, हा प्रश्न दुसरीकडेही लोकांना पडला होता. १९६५ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये प्रोव्हो नावाच्या बंडखोर तरुणांनी काही सायकली पांढऱ्या रंगवल्या आणि कुलूप न लावता रस्त्यावर सोडल्या. कुणीही घ्या, चालवा, सोडून द्या. पोलिसांनी त्या उचलून नेल्या, कारण बिनकुलपाची सायकल ठेवणं नियमाबाहेर होतं. पुढे कोपनहेगनने १९९५ मध्ये नाणं टाकून सायकल द्यायला सुरुवात केली आणि पॅरिसने २००७ मध्ये कार्डावर. मग चिनी कंपन्या आल्या. फोनवर चौकोनी कोड स्कॅन करा, कुलूप उघडेल, वाटेल तिथे सोडा. 'कुणाचा तू' विचारणारं कुणीच नाही.

पुण्यात हे वारं पोचलं २०१७ च्या डिसेंबरात, विद्यापीठाच्या आवारात आणि औंधला. महापालिकेने त्याच सुमाराला सायकल आराखडाही मंजूर केला. २०१८ मध्ये पिवळ्या ओफो आणि नारिंगी चाकांच्या मोबाईक आल्या. आमचं पिंपळे सौदागर स्मार्ट सिटीच्या निवडलेल्या भागात होतं, त्यामुळे आमच्याही सोसायट्यांच्या दारात तशा सायकली उभ्या राहिल्या. मी तेव्हा कॉलेजात होते. अर्ध्या तासाला चहापेक्षा कमी पैसे. कुणाल आयकॉन रोडवरून रक्षक चौकापर्यंत मी विनाकारण जायचे, नुसती मजा म्हणून.

मग सीट गायब झालेल्या सायकली दिसू लागल्या. कुणी स्वतःचं कुलूप घालून ती घरचीच करून टाकलेली, कुणी फुटपाथवर आडवी पाडलेली. ओफोने २०१८ मध्येच भारतातून गाशा गुंडाळला. बाकीच्याही थोड्याच काळात दिसेनाशा झाल्या. 'आपल्या लोकांना शिस्त नाही' असं तेव्हा सगळे म्हणाले, मीही म्हणाले. आता तसं वाटत नाही. चीनमध्येही अशा सायकलींचे डोंगर साचले होते. पैसा गुंतवणूकदारांचा होता, धंदा माणसं वाढवण्याचा होता, आणि मोडलेल्या सायकलीकडे बघायला चौकात कुणी नव्हतं. जुन्या दुकानदाराकडे ॲप नव्हतं, पण पाना होता आणि संध्याकाळी तो सायकली मोजायचा.

नशिबाची गंमत म्हणजे भाड्याच्या दुचाकींमधली युलू ही कंपनी टिकली ती विजेवर जाऊन, आणि तिच्यात पैसे घातले बजाजने. स्कूटरने सायकल घालवली, त्याच घराण्याने तासाचं भाडं परत आणलं. ते पॅडल न मारता.

आईचा अर्धा तास

माझी रोड बाईक मिळाली. पहिल्याच सकाळी रहाटणीच्या पुढे पंक्चर झाली. रस्त्याकडेच्या काकांनी ट्यूब काढली, ठिगळ लावलं, पण तिचा वॉल्व्ह इतका बारीक की त्यांचा पंप बसेना. शेवटी माझ्या पिशवीतल्या चिमुकल्या पंपाने दोघांनी आळीपाळीने हवा भरली. पैसे घेताना म्हणाले, "ताई, एवढी महाग सायकल अन् भाड्याची? तुमच्यावर भरोसा टाकला म्हणायचा." जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात अशाच सायकलींची 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, चारशेहून जास्त किलोमीटरची. त्यासाठी रस्ते गुळगुळीत झाले. कामावर जाणाऱ्या साध्या सायकलवाल्याला मात्र बीआरटीच्या कडेने जीव मुठीत धरूनच जावं लागतं.

सुट्टी संपायला तीन दिवस असताना आई बोलली. इतके दिवस ती नुसती ऐकत होती.

"आमच्याकडे पण तासाची मिळायची. दादा आणायचा. माझे खाऊचे पैसे घालून एक तास करायचो. अर्धा त्याचा, अर्धा माझा."

"मग तू शिकलीस?"

"नाही ना. माझा अर्धा तास आला की तो म्हणायचा, मुलीला बघून दुकानदार ओरडेल. मी मागून धरून पळायचे."

मामा आजही तालुक्यात सायकल चालवतो. आई सत्तावन्न वर्षांची आहे. तिने चार उन्हाळे भाडं भरलं आणि एकदाही सीटवर बसली नाही. दुकानदार खरंच ओरडला असता की नाही, हे तिने कधी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी रोड बाईक परत केली. दुकानदाराने फोटो आणि सायकल ताडून पाहिली, एक जुना ओरखडा नवा आहे का म्हणून दोनदा बोट फिरवलं आणि अनामत परत दिली. मी विचारलं, "दांडी खाली असलेली, बुटकी एखादी आहे का? तीन दिवसांसाठी."

"कुणासाठी?"

"आईसाठी."

त्याने आतून धूळ खात पडलेली निळी सायकल काढली, सीट पूर्ण खाली केली, हवा भरली. अनामत मागितली नाही.

सकाळी सहाला आमच्या सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर आईने पदर खोचला. मी मागून सीट धरून पळत होते. पहिल्या दिवशी ती ओरडत होती, "सोडू नकोस!" तिसऱ्या दिवशी मी सोडलं, आणि ती साधारण वीस पावलं एकटी गेली. मग पाय टेकवून मागे वळली आणि विचारलं, "वेळ किती झाला?"

म्हटलं, "अजून तुझाच चालू आहे."