वऱ्हाडातील अंगमेहनतीचे मोजमाप: जोर-बैठकांपासून मनगटी घड्याळापर्यंत

अकोला-अमरावतीच्या पट्ट्यात अंगमेहनत दोन ठिकाणी मोजली जात आली: आखाड्यात आणि शेतात. आखाड्यातले मोजमाप संख्येचे. जोर किती मारले, बैठका किती काढल्या, मुद्गल किती वेळा फिरवला, यावर पठ्ठ्याची तयारी ठरे. वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीत सुरू केलेल्या हनुमान आखाड्यातून पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले आणि १९३६ साली या मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. शेतातले मोजमाप तराजूचे. कापूस वेचणीची मजुरी किलोवर ठरते. पहिल्या वेचणीत बोंडे टपोरी असतात, ओटी लवकर भरते. हंगामाअखेरच्या फरदडीच्या कापसात तेवढ्याच वजनासाठी कितीतरी जास्त वेळ वाकावे लागते. किलो तोच, कष्ट वेगळे. पार पडलेले काम मोजता येत होते. त्यासाठी शरीराने काय खर्च केले, हे मोजण्याचे साधन ना वस्तादाकडे होते, ना शेतमालकाकडे.

ते साधन युरोपातल्या प्रयोगशाळांत घडले. श्वसन म्हणजे एक प्रकारचे मंद ज्वलन, हे लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८३ साली गिनीपिगच्या अंगच्या उष्णतेने वितळलेल्या बर्फावरून दाखवले. पुढे एक लिटर ऑक्सिजन वापरला गेला की सुमारे ५ किलोकॅलरी ऊर्जा मोकळी होते, हे प्रमाण पक्के झाले. १९११ साली ऑक्सफर्डच्या क्लॉड डग्लस यांनी पाठीवर बांधायची हवाबंद पिशवी वापरात आणली. काम करणाऱ्याचा उच्छ्वास तिच्यात साठवायचा आणि त्यात ऑक्सिजन किती उरला ते तपासायचे. ही रीत आजही भरवशाची आहे. पण तोंडात नळी आणि नाकाला चिमटा लावून दिवसभर कोणी निंदण करू शकत नाही.

म्हणून नाडीचा आधार घेतला गेला. श्रम वाढले की स्नायूंना ऑक्सिजन जास्त लागतो आणि हृदयाचे ठोके वाढतात. मध्यम श्रमांच्या टप्प्यात हे नाते बरेचसे सरळ रेषेत चालते. १९७७ साली फिनलंडमध्ये स्थापन झालेल्या पोलर कंपनीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला छातीवरचा पट्टा आणि मनगटावरचा बिनतारी दर्शक बाजारात आणला. तो खेळाडूंसाठी होता. भारतात असे पट्टे शेतकरी स्त्रियांच्या छातीवरही बांधले गेले, आणि या इतिहासातला हा टप्पा फार मोलाचा आहे. एम. ए. वर्गीस, पी. एन. साहा आणि एन. अत्रेय यांनी १९९४ साली भारतीय स्त्रियांच्या कामाचा भार ठोक्यांवरून ठरवण्याची श्रेणी प्रसिद्ध केली. मिनिटाला ९० ठोक्यांपर्यंतचे काम अतिशय हलके, १०६ ते १२० मध्यम जड, १२१ ते १३५ जड, अशी तिची उतरंड आहे. देशभरच्या कृषी विद्यापीठांतील गृहविज्ञानाच्या अभ्यासकांनी तिच्यासोबत एक सूत्र सर्रास वापरले: ठोक्यांना ०.१५९ ने गुणायचे आणि ८.७२ वजा करायचे, की मिनिटाला खर्च झालेले किलोज्यूल मिळतात.

निंदणाऱ्या बाईचे ठोके ११० असले, तर या सूत्राने मिनिटाला ८.७७ किलोज्यूल, म्हणजे सुमारे २.१ किलोकॅलरी खर्च होतात. सूत्राची मर्यादाही त्यातच दिसते. ठोके ५५ च्या खाली गेले की उत्तर शून्याखाली जाते, आणि जिवंत शरीराचा खर्च तर कधीच शून्य नसतो. ते कामासाठीच बांधलेले सूत्र आहे, विश्रांतीसाठी नव्हे.

आजचे मनगटी घड्याळ याच वाटेने चालते. त्याच्या पाठीवरचे हिरवे दिवे त्वचेत प्रकाश सोडतात. रक्त हिरवा प्रकाश शोषते, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला परतणारा प्रकाश कमी-जास्त होतो आणि त्यावरून नाडी कळते. आतला गतिमापक हाताची हालचाल टिपतो. वापरणाऱ्याने वय, उंची, वजन आणि लिंग आधीच भरलेले असते. या सगळ्यावरून कॅलरीचा आकडा काढला जातो. सूत्रे कंपन्या गुप्त ठेवतात. मात्र अशी सूत्रे मुख्यतः चालण्या-धावण्याच्या पट्ट्यावर आणि व्यायामाच्या सायकलवर घेतलेल्या चाचण्यांतून तयार होतात.

वऱ्हाडातल्या कामाशी त्यांचा मेळ इथेच बिघडतो. वेचणीत बाई एका झाडाशी उभी राहून दोन्ही हातांनी भराभर बोंडे मोकळी करते. हात पुष्कळ हलतो, पावले थोडी पडतात. कापसाचे गाठोडे डोक्यावर घेतले की उलटे घडते: हात गाठोड्यावर स्थिर, पावले झपाझप, आणि डोक्यावरच्या वजनाचा घड्याळाला पत्ताच नाही. त्यात ऊन. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्वचा थंड ठेवण्यासाठी रक्त तिकडे वळते, घामाने पाणी कमी होते आणि काम तेवढेच असूनही ठोके वाढतात. वरच्याच उदाहरणात उन्हाने ठोके ११० चे १२० झाले, तर सूत्र १०.३६ किलोज्यूल दाखवते. म्हणजे सुमारे अठरा टक्के खर्च कागदावरच वाढला.

शरीराची घडण हाही प्रश्न आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच मोजमाप छापले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. विश्रांतीतला खर्च मुख्यतः चरबीखेरीजच्या वजनावर अवलंबून असतो. वय, उंची, वजन आणि लिंग एवढेच जाणणाऱ्या घड्याळाला हा फरक कळण्याची सोय नाही.

तंदुरुस्तीची पातळी घड्याळ आणखी एक पायरी पुढे जाऊन काढते. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, ही कल्पना ए. व्ही. हिल यांनी १९२३ साली मांडली. अमेरिकी हवाई दलाचे डॉ. केनेथ कूपर यांनी १९६८ साली ती बारा मिनिटांच्या धावण्यावर आणली. घड्याळ धावण्याचा वेग आणि त्या वेगाचे ठोके यांची सांगड घालून ठोक्यांच्या कमाल मर्यादेपर्यंत रेषा ओढते. ही मर्यादा पुष्कळदा २२० मधून वय वजा करून धरली जाते, आणि एकाच वयाच्या दोन माणसांत ती दहा-पंधरा ठोक्यांनी सहज वेगळी असते. पोलीस भरतीसाठी १६०० मीटरचा सराव करणाऱ्या मुलाला साधे स्टॉपवॉच याहून खरे उत्तर देते.

स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली सात उपकरणे ६० जणांवर तपासली. सहा उपकरणांची ठोक्यांतली चूक पाच टक्क्यांच्या आत होती. कॅलरीच्या बाबतीत सर्वांत अचूक उपकरणही २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. गडद त्वचेच्या लोकांत चूक अधिक आढळली. म्हणून एकाच माणसाची नाडी महिन्यामागून महिना कशी बदलते, हे पाहायला घड्याळ उपयोगी आहे. त्याच्या कॅलरीवरून आहार ठरवणे योग्य नाही.

अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे आणि अमरावतीत शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय. वेचणी, निंदण आणि डोक्यावरचे ओझे यांसाठी उन्हातल्या प्रत्यक्ष श्वसन-चाचण्यांवर आधारलेली सूत्रे या दोन संस्थांनी मिळून तयार करावीत आणि ती सर्वांसाठी खुली ठेवावीत.