अपघात रस्त्यामुळे की चालकामुळे? पंचनाम्यात जे येत नाही ते

अपघाताची बातमी आली की त्यात एक वाक्य ठरलेलं असतं : चालकाचा ताबा सुटल्याने वाहन उलटले. गावात पारावर मात्र चर्चा दोन्हीकडून चालते. कोणी म्हणतं, पोरगं लई जोरात होतं. कोणी म्हणतं, त्या वळणाला मागच्या वर्षीही असंच झालं होतं. दोन्ही माणसं खरं बोलत असतात, म्हणून तर हा वाद मिटत नाही. या वादाचा निकाल कसा लावायचा, सरकारी आकडे काय म्हणतात आणि आपल्या तालुक्यातल्या रस्त्यांना ते कितपत लागू होतं, याची ही माहिती.

आकड्यांमध्ये चालकच दोषी का दिसतो

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी देशातल्या अपघातांचा अहवाल काढतं. २०२२ च्या अहवालाप्रमाणे देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यात १,६८,४९१ माणसं गेली. महाराष्ट्रातला आकडा १५,२२४. पुढच्या वर्षी देशाचा आकडा १ लाख ७२ हजारांच्या वर गेला. मरणाऱ्या दर १०० जणांमध्ये साधारण ६८ जण ग्रामीण भागातल्या रस्त्यांवर मरतात, म्हणजे हा शहरातल्या ट्रॅफिकचा प्रश्न कमी आणि आपला जास्त आहे.

याच अहवालात ७१ टक्के मृत्यू अतिवेगामुळे झाले असं लिहिलं आहे. व्यासपीठावरून "लोक गाडी नीट चालवत नाहीत" असं सांगितलं जातं तेव्हा त्यामागे हाच आकडा असतो. पण तो ज्या तक्त्यातून येतो त्याचं शीर्षक पाहावं लागतं. तो तक्ता वाहतूक नियमांच्या भंगाचा आहे. अतिवेग, राँग साईड, दारू, मोबाईल, सिग्नल तोडणे आणि उरलेलं सगळं 'इतर'. फाट्यावर दिवा नव्हता, पुलाला कठडा नव्हता, डांबर आणि साईडपट्टी यांच्यात वीतभर खोल कड होती, याला त्या तक्त्यात रकानाच नाही. रस्त्याचे तक्ते अहवालात वेगळे आहेत आणि ते भाषणात सहसा येत नाहीत. राष्ट्रीय महामार्ग आणि एक्सप्रेस-वे मिळून देशातल्या एकूण रस्त्यांच्या लांबीच्या जेमतेम २ टक्के आहेत, पण ३६ टक्के मृत्यू त्यांच्यावर होतात. त्यांच्यावर वाहतूकही जास्त असते, हे मान्य करूनही आकडा मोठाच आहे.

दुसरी गोष्ट पोलीस ठाण्यात घडते. अपघाताचा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २७९ आणि ३०४ अ खाली नोंदवला जायचा. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १०६ खाली नोंदवला जातो. नाव बदललं, पण अर्थ तोच : निष्काळजीपणे वाहन चालवणे. आरोपी म्हणून चालक समोर असतो, नाहीतर निदान त्याचा नंबर असतो. रस्ता आखणारा अभियंता किंवा कंत्राटदार तिथे कोणाला दिसत नाही.

मयताच्या घरच्यांनाही रस्त्याचा दोष दाखवून सहसा काही मिळत नाही. मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाई मागायची तर समोरच्या गाडीवाल्याची चूक दाखवावी लागते, मग विमा कंपनी पैसे देते. (चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात, पण त्यालाही दुसरं वाहन लागतं.) खड्डा चुकवताना एकटाच मोटारसायकलवरून पडून गेला, तर घरच्यांच्या हाती बहुतेक वेळा पॉलिसीतला १५ लाखांचा मालक-चालक वैयक्तिक अपघात विमाच उरतो. तोही गाडी त्याच्या नावावर असेल, लायसन्स असेल आणि विमा चालू असेल तरच. असं सगळं मिळून कागदावर रस्ता निर्दोष सुटतो.

ऊसाची ट्रॉली आणि डिपर लाईट

रस्ता आणि चालक एकमेकांत कसे गुंततात हे बघायला गळीत हंगामातली रात्र पुरेशी आहे.

डबल ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी आहे. साईडपट्टी खचलेली म्हणून ट्रॅक्टरवाल्याला ती खाली घेता आली नाही. ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर बंधनकारक आहे, पण रेडियम चिखलाने झाकलं गेलंय किंवा उसाच्या लोंबणाऱ्या वाढ्यांआड गेलंय. मागून मोटारसायकल येते. समोरून वाहनं येत असल्याने लाईट डिपरवर. डिपरचा उजेड साधारण ४० ते ५० मीटर पडतो, जुन्या गाडीचा त्याहून कमी.

आता हिशोब. ताशी ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे कळून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद तरी जातो. ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला, रस्ता कोरडा आणि टायर चांगले असतील तर, आणखी ३५ मीटर लागतात. एकूण ५७ मीटर. म्हणजे ट्रॉली दिसल्यानंतर कितीही तरबेज चालक असला तरी तो थांबू शकत नाही. तीच गाडी ६० वर असेल तर १७ अधिक २० असे ३७ मीटर लागतात, गाडी ट्रॉलीच्या अलीकडे थांबते. ४० वर असेल तर २० मीटरमध्ये काम भागतं. टायर घासलेले, मागे दोघं बसलेले, रस्त्यावर पाचटाचा थर, असं असेल तर यात भर घाला.

यात दोष कोणाचा? मोटारसायकलवाल्याचा वेग ८० होता, हा त्याचा दोष. रेडियम पुसलं नाही, हा ट्रॉलीवाल्याचा. साईडपट्टी भरली नाही, हा रस्ता सांभाळणाऱ्या खात्याचा. हेल्मेट नव्हतं, हा पुन्हा मयताचा. २०२२ मध्ये देशात हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण मेले, त्यात १४,३३७ मागे बसलेले होते. या तिघांपैकी एकाने जरी आपलं काम केलं असतं तरी माणूस वाचण्याची चांगली शक्यता होती. पंचनाम्यात मात्र एकच ओळ येते, "मयत हा भरधाव वेगात".

आणखी एक गोष्ट लोकांना पटायला जड जाते. रस्ता चांगला झाला की अपघात कमी होतील असं वाटतं. २०२२ च्या अहवालात खड्ड्यांमुळे गेलेले १,८५६ जण आहेत, आणि एकही खड्डा क्षम्य नाही. पण ६७ टक्के अपघात सरळ रस्त्यावर झाले आहेत. गावाशेजारचा जुना रस्ता सिमेंटचा होतो, ४० ने जाणाऱ्या गाड्या ९० ने जायला लागतात. शाळा, दूध डेअरी, मळ्यातून येणारी पाऊलवाट जिथल्या तिथेच राहते. दुभाजकातला अधिकृत कट दोन किलोमीटर लांब असतो, म्हणून माणसं राँग साईडने येतात किंवा दुभाजक फोडून स्वतःच कट पाडतात. राँग साईड हा गुन्हाच आहे. पण शेताच्या समोर उतरलेल्या म्हातारीला चार किलोमीटरचा वळसा घालायला लावणारा नकाशा कोणी मंजूर केला, हेही विचारलं पाहिजे.

आपल्या राज्यातली मोठी उदाहरणं

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे ५ जून २०२५ ला. खड्डा नाही, चौक नाही, मोटारसायकल नाही. तरीही १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेड राजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण जळून गेले. टायर फुटला असं चालकाने सांगितलं, परिवहन विभागाच्या तपासणीत तसं आढळलं नाही. म्हणजे सुरुवात चालकाकडून. पण बस दरवाजाच्या बाजूवर पडली आणि बाहेर पडायची वाट बंद झाली. जे वाचले ते काच फोडून बाहेर आले. सुटकेची वाट हा प्रश्न गाडीच्या बांधणीचा आणि तपासणीचा आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वैजापूरजवळ सैलानी बाबांच्या दर्शनाहून परतणारी मिनीबस ट्रकवर आदळून १२ जण गेले. मिनीबसमध्ये क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. मात्र ट्रक महामार्गावर थांबवल्याच्या आरोपावरून परिवहन विभागाच्या दोघांना अटक झाली. १२० च्या मार्गावर उभं वाहन म्हणजे वरच्या हिशोबातली ट्रॉलीच.

पुण्यात कात्रजच्या नवीन बोगद्यापासून नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे एका ट्रकने ४८ च्या आसपास गाड्या ठोकल्या. १३ नोव्हेंबर २०२५ ला त्याच पट्ट्यात कंटेनरच्या धडकेत आणि आगीत ८ जण गेले. डिझेल वाचवायला अवजड गाड्या उतारावर न्यूट्रल करतात, अशी तिथली जुनी तक्रार आहे. न्यूट्रल केलं की इंजिनाची ओढ जाते, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि ऐनवेळी ब्रेक धरत नाहीत. चूक चालकाचीच. पण वेगवेगळ्या जिल्ह्यांतले, राज्यांतले, एकमेकांना न ओळखणारे चालक एकाच उतारावर वर्षानुवर्षं तीच चूक करत असतील, तर तो उतार त्यांना ती चूक करायला लावतोय, असं धरूनच उपाय करावा लागतो.

फक्त आणि फक्त रस्त्याचा दोष असलेलंही उदाहरण आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि दोन एसटी बस पाण्यात गेल्या. तिथे कोणत्या चालकाने काय करायचं होतं?

रस्ता सुधारल्याने फरक पडतो का, याचं उत्तर मुंबई-पुणे एक्सप्रेस-वेवर मिळतं. २०१६ मध्ये तिथे १५१ जण मेले होते. त्या वर्षापासून रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्ह लाईफ फाउंडेशन यांनी मिळून रस्ता तपासून धोक्याच्या जागा काढल्या, कठडे बसवले, फलक आणि पट्टे सुधारले, वेगावर कारवाई वाढवली. पुढच्या काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून खाली आले. चालक तर तेच होते, त्याच गाड्यांचे. यात पोलीस कारवाईचाही वाटा आहे, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या कठड्यांना देता येणार नाही.

गावाने काय करायचं

केंद्राच्या व्याख्येप्रमाणे राष्ट्रीय महामार्गावर साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा एकूण १० जण मेले, तर ती जागा 'ब्लॅक स्पॉट' ठरते आणि तिथे दुरुस्ती करावी लागते. मोजणी होते ती पोलीस नोंदीवरून. इथेच गावं मागे पडतात. हात मोडला, पाय मोडला, दोन्हीकडची माणसं बसली, दवाखान्याचा खर्च ठरला आणि प्रकरण मिटलं. मिटवलेला अपघात यादीत जात नाही आणि पाच झाले तरी कागदावर दोनच दिसतात. त्यामुळे गंभीर दुखापत असेल तर नोंद कराच, तडजोड नंतर होते.

पंचनाम्याच्या वेळी पंच गावातलेच असतात. वळणाचा फलक होता का, पट्टे दिसत होते का, साईडपट्टी किती खचली होती, फाट्यावर दिवा चालू होता का, झुडपं किती वाढली होती, हे लिहून घ्या म्हणून सांगायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. मोबाईलवर त्याच दिवशी फोटो काढून ठेवा, कारण दोन दिवसांत मुरूम पडतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८ अ आलं आहे. रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्याने मृत्यू वा अपंगत्व आलं तर जबाबदार खाते किंवा कंत्राटदाराला १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. माणसाच्या जिवापुढे ही रक्कम हास्यास्पद आहे, तरी कलम आहे आणि वापरता येतं. खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख रुपये द्यावेत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला आहे.

मागणी करायची ती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे. नुसतं "रस्ता धोकादायक आहे" या निवेदनाचा उपयोग होत नाही. ग्रामसभेचा ठराव, जागेचं नाव किंवा किलोमीटरचा दगड, तीन वर्षांतल्या गुन्ह्यांचे नंबर आणि तारखा, फोटो आणि नेमकं काय पाहिजे (रंबलर, दिवा, कट, भुयारी मार्ग) असं एका कागदावर द्या आणि पोच घ्या. राष्ट्रीय महामार्गावरची तक्रार किंवा मदत १०३३ वर, इतर ठिकाणी अपघात झाल्यास ११२.

हंगाम सुरू व्हायच्या आधी ट्रॉलीला मागे आणि दोन्ही बाजूंनी रेडियम लावून घ्या. रात्री निघताना ते फडक्याने पुसायचं, एवढंच.